चटणीत काय घालावे?

गेल्या संक्रांतीच्या सुमारास आमच्या घरी एका क्षुल्लक प्रश्नावरून असा काही वाद माजला की, दोन दिवस घरातील कोणीही दुसऱ्या विषयावर बोलेना. बाहेर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी लोटली होती, मुले तिकडे जाण्यासाठी उतावीळ झाली होती, आणि वडील मंडळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसून शेंगदाण्याच्या चटणीवर खल करीत होती.

प्रश्न आला होता सातासमुद्रापलीकडून. आमचे धाकटे बंधू आमच्यासमवेत एकत्रच राहतात. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेक्सास प्रांती असतो. तिकडे 'चिली' म्हणून एक पदार्थ आहे. पातेलेभर शिजवावयाचा, आणि त्यात सुक्या मिरच्या, जिरे व लसूण घालावयाची, इथवर ऐकून आमच्या मंडळींना तो आपलासा वाटला. पण त्यातील मुख्य द्रव्य कोणते हे कळताच सर्वांनी पुढील वर्णन नको म्हणून हात वर केले. तथापि त्या पदार्थावरून तिकडे चालणारा वाद मोठा मौजेचा आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने १९७७ साली हा पदार्थ त्या प्रांताचा अधिकृत पदार्थ म्हणून ठराव करून जाहीर केला. टर्लिंग्वा नावाच्या एका ओसाड खेड्यात १९६७ सालापासून त्याच्या पाकस्पर्धा भरतात, आणि नियम असा की, पातेल्यात घेवड्याचा एकही दाणा दिसता कामा नये. जो दाणे घालील तो भ्रष्ट. हे वाचून आम्हास आमच्याकडील शास्त्रार्थाची आठवण झाली. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच.

आमच्या पुतण्याच्या कचेरीत अशीच एक हौशी स्पर्धा व्हावयाची होती. तो मांस खात नाही. तेव्हा आपण घरची चटणी बरणीत भरून न्यावी, असे त्याच्या मनात आले, आणि त्याने दूरध्वनीवरून आम्हास विचारले, "काका, आपल्या चटणीत नेमकं काय काय असतं, आणि किती?"

आम्ही उत्तर देणार, तोच आतून चार उत्तरे बाहेर आली. आमची मंडळी अक्कलकोटची. त्यांच्या मते शेंगदाणे, लाल मिरची, लसूण, जिरे आणि मीठ या पाचांपलीकडे सहावा जिन्नस पडला की ते निव्वळ कूट होय, चटणी नव्हे. भावजय धारवाडकडच्या, त्यांच्या माहेरी चिंच, गुळाचा खडा व परतलेला कढीलिंब यांवाचून शेंगाचटणी पुरी होत नाही. थोरली सूनबाई पुण्याची. तिने फार नम्रपणे चिमूटभर साखर सुचविली. धाकटी रत्नागिरीची, तिला सुके खोबरे हवे. बंधूंनी तिळाचा पक्ष घेतला, याला कारण इतकेच की, सण जवळ आला होता आणि तिळाचा डबा त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आम्ही निवृत्त शिक्षक. उभा जन्म मुलांना संधी आणि समास शिकविण्यात गेला. समोर वाद दिसला की त्याचा निवाडा करण्याची खोड अद्याप गेलेली नाही. म्हणून आम्ही सर्वांना गप्प बसवून आमचे म्हणणे मांडले, ते येथेही सांगतो. कारण ज्यांच्या घरी ही चटणी होते त्यांना त्यात रस वाटेल, आणि ज्यांच्या घरी होत नाही त्यांनी ती एकदा करून पाहावी.

या चटणीचे सारे मर्म तेलात आहे. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. दाणा मंद आचेवर खमंग भाजून, चोळून, सुपात पाखडून उखळात घातला की मुसळाखाली तो नुसता फुटत नाही, चेंगरतो. आणि चेंगरला म्हणजे त्याचे तेल बाहेर येते. मिरचीचा तिखट अंश, ज्याला शास्त्रज्ञ कॅप्सेसिन म्हणतात, तो पाण्यात विरत नाही, तेलातुपात विरतो. तिखट लागल्यावर जो पाणी पितो तो म्हणूनच फसतो, आणि जो दह्याचा चमचा तोंडात घालतो तो सुटतो. उखळात दाण्याचे तेल, मिरचीचा रंग व तिखटपणा आणि लसणीचा वास ही तिन्ही एकमेकांत मुरतात. वरून तेल ओतावे लागत नाही. विजेच्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचे पाते दाणा कापते, चेंगरीत नाही. थोडे फिरविले तर भुकटी होते, अधिक फिरविले तर लगदा. हल्ली आमच्याही घरी यंत्रच आहे. त्याविषयी आमची तक्रार वर्षानुवर्षे चालू होती. ती तक्रार पुढे आमच्याच अंगाशी कशी आली, ते यथावकाश कळेलच.

या हिशेबाने पाहता चिंच त्यात नको, कारण ती ओलावा धरते आणि ही चटणी टिकते ती कोरडी असते म्हणूनच. सोलापूरच्या कडक भाकरीशी तिची जोडी जमली तीही याच गुणामुळे. दोन्ही शिदोरीत बांधून चार दिवसांच्या प्रवासाला न्यावीत. खोबरे लवकर खवट होते. तिळाची स्वतंत्र चटणी असते, त्याने दुसऱ्याच्या घरी जाऊ नये. साखरेविषयी आम्ही काही बोलत नाही. पुणेकर व्याह्यांशी वैर नको. मिरची मात्र दोन जातींची घ्यावी. रंगासाठी ब्याडगी, आणि तिखटासाठी संकेश्वरी. ब्याडगी ही कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेल्या सालीची. रंगाला गडद पण जिभेला सौम्य. तिला २०११ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. एक किलो दाण्यांना दीडशे ग्रॅम तिखट, शंभर ग्रॅम सोललेली लसूण, दोन चमचे जिरे, आणि मीठ.

"मीठ किती?" पुतण्याने विचारले.

तेथे आम्ही अडलो. मिठाचे माप आमच्या घरात कोणी कधी लिहून ठेवले नव्हते. ते आत्याच्या हातात होते, आणि आत्या १९९७ साली वारली.

आता आत्याविषयी सांगणे प्राप्त आहे.

आमची आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे लग्न चौदाव्या वर्षी झाले आणि अठराव्या वर्षी, १९४० साली, तिला वैधव्य आले. वडिलांनी तिला दक्षिण कसब्यातील आमच्या वाड्यात आणले, आणि त्यानंतर सत्तावन्न वर्षे ती त्या वाड्याबाहेर तीर्थयात्रेखेरीज कोठे राहिली नाही. आम्हाला कळू लागल्यापासून आम्ही तिला पाहिले ते पहाटे स्नान करून सोवळ्यात स्वयंपाक करताना, किंवा दुपारी परसात उखळापाशी. ती एकभुक्त असे. कांदा, लसूण, वांगे, मसूर यांना तिने स्पर्श केला तो दुसऱ्यांसाठी.

चटणी कुटण्याचे काम तिचे होते, आणि त्याचा एक विधीच असे. सकाळचा स्वयंपाक व जेवणे आटोपली की ती सोवळे सोडून जुने लुगडे नेसे, परसातील दगडी उखळ धुऊन उन्हात वाळू देई, आणि दुपारच्या पाळीचा गिरणीचा भोंगा झाला की कुटावयास बसे. आधी जिरे आणि मीठ, मग लसूण, मग तिखट, शेवटी दाणे मूठमूठ. आम्ही मुले भोवती बसत असू. प्रथम मुसळाचा आवाज खडखड असा येई. मग तो धप् धप् असा जड होई. शेवटी मुसळ वर उचलताना उखळातील गोळा त्याला धरून ठेवू पाही आणि चप् असा आवाज होई. तो आवाज तीनदा आला की ती थांबे. चटणी झाली. बोटाला लावून पाहणे नाही, जिभेला लावणे तर नाहीच. उखळाच्या कडेला तेलाची लाल रेघ उठली आहे ना, तेवढे डोळ्यांनी पाही. नंतर हात राखेने घासून, पुन्हा डोक्यावरून स्नान करून, ती माळ घेऊन बसे.

तिच्या हातांचा वास मात्र जात नसे. लसणीचा गुणच असा आहे. अखंड पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली म्हणजे तिच्यातील दोन द्रव्ये, जी एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, एकत्र येतात आणि तो उग्र वास जन्मतो. आम्ही लहान असताना तिच्या मांडीवर डोके ठेवून निजत असू. एका बाजूने चंदनाचा वास, दुसऱ्या बाजूने लसणीचा. आम्हाला त्यात काही विसंगत वाटले नाही.

न चाखता चटणी कशी साधते, याचेही आम्हाला नवल वाटत नसे. कारण देवाचा नैवेद्यही कोणी चाखून करीत नाही. सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या सर्व बायकांना ती विद्या अवगत असते. मीठ ती पाच बोटांच्या चिमटीने घाली. शेरभर दाण्यांना तीन चिमटी. वाड्यात, शेजारी, आणि वडिलांच्या मित्रमंडळींत 'आत्याची चटणी' म्हणून तिचा लौकिक होता. मुंबईचे पाहुणे परत जाताना डबे भरून नेत.

वाचकहो, येथे थोडे आमच्या विद्येविषयी सांगू द्या. आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन पुढे पंढरपुरास एका शास्त्रीबुवांपाशी संस्कृत शिकलो. कोश, व्याकरण, थोडे धर्मशास्त्र, आणि आवड म्हणून वैद्यकाचे ग्रंथ. त्या वाचनात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली, ती अशी की, आमच्या चटणीतील पदार्थांची कुंडली मांडली तर घरातील सोवळे-ओवळे उलटेपालटे होते.

मिरची घ्या. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत तिचे नाव नाही. 'मरिच' म्हणजे मिरी. त्या शब्दावरून आपण मिरचीला नाव दिले, जसे एखाद्या नव्या पाहुण्याला घरातल्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारावी. उत्तरकालीन निघंटूंत तिला 'कटुवीरा' असे भारदस्त नाव मिळाले, पण ते नंतरचे बारसे. ती मूळची अमेरिकेतली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. सोळाव्या शतकातील पुरंदरदासांच्या नावावर असलेल्या एका कन्नड पदात तिचे वर्णन आहे असे खाद्येतिहासाचे अभ्यासक सांगतात. म्हणजे इतक्या लवकर तिने भक्तिमार्गही धरला. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. बंगाल्यात त्याला चिनी बदाम म्हणतात. आपला भुईमूग हा शब्दही एका जुन्या धान्याच्या नावाला 'भुई' जोडून बनविलेला. आणि गंमत पाहा, मिरची चालते, दाणे चालतात. नुसते चालतात नव्हे, एकादशीला चालतात. बटाटा, रताळे, आणि ज्या कंदापासून हल्ली साबुदाणा करतात तो कंद, हे सर्व समुद्र ओलांडून आलेले परदेशस्थ आपल्या उपवासाच्या ताटात मानाने बसतात.

आणि लसूण? ती या देशात हजारो वर्षांची. अमरकोशात तिला महाकंद, अरिष्ट, रसोनक अशी नावे आहेत. 'रसोन' म्हणजे एका रसाने उणा. सहा रसांपैकी आंबट तेवढा तिच्यात नाही, बाकी पाचही आहेत, असे भावप्रकाशकार सांगतात, आणि मुळात तिखट, पानात कडू, देठात तुरट अशी त्यांची वाटणीही देतात. काश्यपसंहितेत तिच्यावर स्वतंत्र कल्प आहे. १८९० साली मध्य आशियात कुचा येथे बॉवर नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या हाती भूर्जपत्रांची एक संस्कृत पोथी आली. ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची मानतात. त्या पोथीच्या वैद्यकभागाचा आरंभच लसणीच्या गुणवर्णनाने होतो. त्यात अशी कथा आहे की, विष्णूने राहूचा कंठ छेदला तेव्हा त्याच्या गळ्यातून अमृताचे थेंब भूमीवर पडले, त्यांची लसूण झाली. दैत्याच्या देहाचा संपर्क झाला म्हणून ब्राह्मणाने ती खाऊ नये. पण ग्रंथकर्ता वैद्य होता. त्याने लगेच तोडही सांगून ठेवली. गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग तिला गवताबरोबर लसणीची पात चारावी, आणि त्या गाईचे दूध, दही, तूप ब्राह्मणाने खुशाल सेवन करावे. रोगही जातो आणि आचारही राहतो. ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा ग्रंथालयातच मोठ्याने हसलो होतो.

ती आम्ही वाचली १९८३ साली. साल ध्यानात राहिले, त्याचे कारण पुढे येते.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आत्याचे गुडघे धरले. उखळापाशी बसली की उठवेना. एक वृद्ध वैद्य घरी येत. त्यांनी वात म्हणून निदान केले आणि लसणीचा क्षीरपाक सांगितला. लसूण सोलून दूध व पाण्यात घालावी, पाणी आटेपर्यंत उकळावे, गाळून सकाळी ते दूध घ्यावे. वैद्यबुवा गेल्यावर आत्या काही बोलली नाही. सायंकाळी दिवा लागला, माजघरात वडील झोपाळ्यावर बसले होते, एक काका आले होते, ती खाली बसून वाती वळीत होती. हातातले काम न थांबविता तिने आम्हाला विचारले, "बाळ, तू एवढ्या पोथ्या वाचतोस. औषध म्हणून चालतं का रे ते?"

आम्ही चोवीस वर्षांचे होतो. वडीलधारी मंडळी समोर बसलेली. आपली विद्या दाखविण्याचा असा प्रसंग पुन्हा कधी येणार! मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा व अळंबी ही अभक्ष्य म्हणून सांगितली आहेत, ते आम्ही आधारासह, पदच्छेद करून सांगितले. वडिलांनी मान डोलावली. काका म्हणाले, "शाबास."

आत्या म्हणाली, "बरं. विचारून ठेवलं." आणि पुढची वात वळली.

आम्हाला इतर काही ठाऊक नव्हते असे नाही. भावप्रकाश आमच्या खोलीत फळीवर होता. गाईची गोष्ट आम्ही तीन-चार महिन्यांपूर्वीच वाचली होती. तीही सांगितली असती तर निदान सर्वजण हसले असते, आणि हसता हसता कोणी म्हणाले असते, अहो मग दुधातून घेतलीच आहे की, गाईच्या पोटातून काय आणि पातेल्यातून काय. आम्ही ते बोललो नाही. का बोललो नाही, याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले. मनूचा निषेध द्विजमात्राला आहे. त्यात विधवेचे नाव वेगळे काढलेले नाही. तो वडिलांना लागू होता, काकांना होता, आम्हालाही होता. आणि आम्ही तिघेही त्याच दिवशी दुपारी भाकरीवर तीच चटणी घेऊन जेवलो होतो. आमच्या घरातील सर्वांच्या वाटणीचा तो नियम तिने एकटीने पाळला, आणि आम्ही तिच्यापुढे पोथी उघडून बसलो.

क्षीरपाक तिने घेतला नाही. गुडघे शेवटपर्यंत दुखत राहिले. लसणीने ते बरे झालेच असते असा आमचा दावा नाही. पण तिने विचारले होते.

आमचे लग्न १९८५ साली झाले, आणि कुटण्याचे काम हळूहळू सौ.कडे आले. आत्या शेजारी पाटावर बसून सांगे. मिठाची चिमूट मात्र ती स्वतः घाली. ते काम तिने अखेरपर्यंत कोणाला दिले नाही. ती गेली, पुढे काही वर्षांनी वाडा पडला आणि तेथे सदनिका झाल्या, उखळ अंगणात कुंडीप्रमाणे पडून राहिले, यंत्र आले. आणि आमच्या तोंडी एक वाक्य बसले, 'आत्याच्या चटणीची चव या यंत्राच्या चटणीला नाही.' हे वाक्य आम्ही किती वेळा म्हटले असेल याची गणती नाही. सुनांनी यंत्र थांबवून थांबवून फिरविले, दाणे बदलले, एकदा तर लोखंडी खलबत्त्यात कुटून पाहिले. आम्ही मान हलवीत असू. नाही, ती चव नाही.

संक्रांतीच्या त्या दिवशी पुतण्याचा मिठाचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला, आणि आम्ही पुन्हा तेच वाक्य म्हटले. सौ. समोर बसून लसूण सोलीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ती चव मिठाची होती."

आम्ही विचारले, "म्हणजे?"

त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. मग जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देतो.

"आत्या गेल्या त्या वर्षी मार्गशीर्षात त्यांच्याजवळ रात्री मी निजत होते. एका रात्री मला हाक मारून म्हणाल्या, 'मुली, फडताळातली जरा दे.' मला वाटलं, तोंडाला चव नाही म्हणून लोणचं मागतायत. मी लिंबाचं लोणचं घेऊन आले. म्हणाल्या, 'ते नव्हे. चटणी.' मी काही बोलले नाही. वाटीत थोडी काढून दिली. बोटाच्या टोकावर घेऊन त्यांनी जिभेला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ बसल्या. मला भीती वाटली, म्हटलं तिखट लागलं की काय. तर डोळे उघडून म्हणाल्या, 'मीठ जास्त आहे गं. इतकी वर्षं सगळ्यांना खारटच खाऊ घातलं मी. कोणी बोललं कसं नाही?' मी म्हटलं, आत्या, आम्हाला तीच चव माहीत. मग म्हणाल्या, 'थोडा दहीभात कालव.' दहीभाताबरोबर सगळी वाटी संपवली. त्यानंतर पुष्कळ रात्री मी देत होते. दिवसा कधी मागितली नाही."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" आम्ही विचारले.

"त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. म्हणाल्या, 'त्याला सांगू नको. उगीच पोथी शोधत बसेल.'"

कोणी काही बोलले नाही. धाकट्या सूनबाईने उठून गॅस बंद केला, वास्तविक त्यावर काही ठेवलेले नव्हते.

थोड्या वेळाने सौ. म्हणाल्या, "तेव्हापासून मी मीठ कमी केलं. दोन चिमटीच घालते. त्यांनीच सांगितलं होतं म्हणून. तुम्ही यंत्राला नावं ठेवत होता, ती मी ऐकून घेत होते."

आत्याने तिच्या सत्तावन्न वर्षांत आमच्याकडे मागितलेली गोष्ट आम्हास एवढी एकच आठवते, आणि ती तिला शेवटी आमच्याकडून मिळाली नाही. सौ.कडून मिळाली, न विचारता, न सांगता, रात्रीच्या वेळी. सौ. मॅट्रिकही नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुतण्यासाठी आम्ही यादी लिहावयास बसलो. शेंगदाणे एक किलो. लाल तिखट, ब्याडगी शंभर ग्रॅम व संकेश्वरी पन्नास. जिरे दोन चमचे. लसूण सोललेली शंभर ग्रॅम. भावजयांच्या समाधानासाठी खाली टीप दिली की, आवडत असल्यास वाढतेवेळी गूळ घ्यावा. मिठापुढे काय लिहावे ते सुचेना. दोन चिमटी लिहावे तर कोणाच्या हाताच्या? सौ.नी कागद आमच्या हातून घेतला आणि मिठापुढे आपल्या अक्षरात लिहिले, 'चाखून'.

पुतण्याला स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. बरणी मात्र रिकामी होऊन परत आली. त्याच्या एका सहकाऱ्याने ती चटणी सरळ आपल्या मांसाच्या पातेल्यात वरून भुरभुरली, असे त्याने कळविले आहे. ही गोष्ट आम्ही घरात सांगितलेली नाही. तिकडे लसणीच्या पाकळ्या फार मोठ्या असतात, तेव्हा किती घ्याव्यात असे तो पुन्हा विचारतो. वजनाने घ्याव्यात, असे उत्तर आजच धाडले.